आभाळाखालची न्हाणी

मुंबईत थंडी आली, हे आमच्या घरात पंख्यावरून कळतं. वर्षभर गरगरणारा पंखा एखाद्या पहाटे बंद झालेला असतो आणि तो कोणी बंद केला हे कोणालाच आठवत नसतं. मग त्या आठवड्यात नाहूरच्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्वेटर दिसू लागतात, पहिल्या मजल्यावरच्या सावंतकाकांची माकडटोपी बाहेर निघते आणि भाजीवाल्याकडे तुरीच्या ओल्या शेंगा येतात. जिंतूरसारख्या गावात वाढलेल्या मला ही थंडी लुटुपुटूची वाटते. तिकडे डिसेंबरात अंगणातल्या रांजणात हात घातला की बोटं आपली राहत नसत. तरीही मुंबईची ही थंडी मला मनापासून आवडते. पाहुण्यासारखी येते, कोणाला त्रास देत नाही, आणि तिची सवय व्हायच्या आत निघून जाते.

यंदा रजया काढायला माझा नवरा महेश माळ्यावर चढला, तेव्हा रजयांच्या मागे त्याच्या हाताला एक जाड कापडी पिशवी लागली. "ही बघ, मायची न्हाणी," तो वरूनच म्हणाला. माय म्हणजे माझी आई. पिशवीत तोटी बसवलेला एक मोठा कॅन होता, पाइपाचं वेटोळं, पितळी झारीचं तोंड, पाइप आवळायच्या क्लिपा, नायलॉनची दोरी आणि घडी घातलेली माझी जुनी हिरवी साडी. साडी मी नाकाशी नेली. कितीदा धुतली असेल, पण काठात धुराचा वास अजून होता. सागाच्या वाळक्या काटक्यांचा. तेवढ्या वासाबरोबर ती सबंध थंडी घरात आली.

पण तिच्याआधी दुसऱ्या एका न्हाणीबद्दल सांगायला हवं.

आमच्या जिंतूरच्या घरी न्हाणी म्हणजे मागच्या अंगाला टाकलेल्या शहाबादी फरश्या आणि त्यांच्याभोवती पत्र्याचा आडोसा. बाजूला चूल आणि चुलीवर तांब्याचा हंडा. हंडा एक, घरात माणसं पाच. आंघोळीचा क्रम ठरलेला होता. आधी बाबा, कारण त्यांना कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचं असे. मग दोघं भाऊ, मग मी. एकेक जण उठला की हंड्यातलं पाणी खाली जाई आणि माय वरून गार पाण्याची घागर रिकामी करी. कढत पाण्यात गार मिसळायचं ते विसण. माय त्याला इसण म्हणते. आम्हा सगळ्यांना विसण थोडंसंच लागे. शेवटी माय पाटावर बसायची तेव्हा मात्र हंड्यात विसणच तेवढं उरलेलं असे आणि चुलीतला विस्तव भाकरीच्या चुलीत गेलेला असे. कोणी काही म्हटलं तर तिचं उत्तर तयार होतं. "माझं इसणावर भागतंय."

ती हे कुरकुरून म्हणत नसे. खरं तर छानच हसून म्हणायची. त्यामुळे आम्हा पोरांना कित्येक वर्षं असंच वाटत होतं, की मोठ्या बायकांना कोमट पाणीच आवडतं.

हा क्रम एकदाच मोडला. माझ्या दहावीच्या थंडीत सराव परीक्षा सुरू झाल्या तेव्हा मायनं बाबांच्या आधी मला न्हाणीत पाठवलं. बाबा न्हाणीबाहेर खांद्यावर पंचा टाकून उभे राहिले. मी आत घाबरून भराभरा पाणी घेत होते. बाहेरून बाबा म्हणाले, "सावकाश कर. तुझा पेपर हाये." पुढे मी शिकले, संभाजीनगरच्या वसतिगृहात राहिले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, अंधेरीत नोकरीला लागले. कोणाकोणाचे आभार मानायचे याची मनात उजळणी करते तेव्हा शिकवणारे सर येतात, वसतिगृहातल्या बाई येतात, आणि पंचा टाकून गारठ्यात उभे असलेले बाबा येतात. बाबा आता नाहीत. तो हंडा आहे. माझ्या लग्नात मायनं तो मला दिला.

आता ती थंडी. काही वर्षांपूर्वीची.

त्या वर्षी पाऊस सरता सरता मायला न्यूमोनिया झाला. परभणीच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून ती बरी झाली आणि भावानं तिला नाहूरला आणून सोडलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, छातीला गारठा लागू द्यायचा नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, आंघोळ चांगल्या गरम पाण्यानंच. मी निश्चिंत होते. आमच्याकडे गिझर. तोटी फिरवली की हवं तेवढं गरम पाणी. इथं कोणी कोणासाठी पाणी राखून ठेवायची गरजच नव्हती.

पण मायनं तो क्रम जिंतूरहून बरोबर आणला होता. सकाळी उठून ती गिझर लावायची, तो तापला की महेशला हाक मारायची, मग मला. आम्ही दोघं आवरून ऑफिसच्या गडबडीत पडलो की गिझर बंद करून ती आत जायची. मी विचारलं तर म्हणायची, केली की गरम पाण्यानं. मला खरंखोटं कळायचं ते आरशावरून. महेश आंघोळ करून आला की बाथरूमच्या आरशावर वाफ धरलेली असे. मी आले की असे. माय बाहेर आली की आरसा लख्ख.

मी रागावून पाहिलं. समजावून पाहिलं. बिलाची काळजी करू नको म्हणून पाहिलं. ती प्रत्येक वेळी मान डोलवायची, आणि दुसऱ्या दिवशी आरसा लख्खच असायचा. रात्री तिच्या खोकल्याचा आवाज आला की मी पडल्या पडल्या ऐकत राही, आणि तो थांबेपर्यंत डोळा लागत नसे.

दिवसभर ती खिडकीत बसायची. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात आणि मान वाकडी केली तर वर आभाळाची पट्टी. एका रविवारी आम्ही तिघं तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती अचानक लहानपणाबद्दल बोलायला लागली. ज्वारी हुरड्यात आली की ती वडिलांबरोबर जागलीला जायची. पाखरं, डुकरं हाकलून पीक राखायची. रात्री तिथंच वाकळ पांघरून झोपायची. बोलता बोलता शेंगेतला एक दाणा तिनं तोंडात टाकला आणि म्हणाली, "एकदा तसं आभाळाखाली निजावं वाटतंय. हितलं आभाळ लई अरुंद हाय."

मायनं आजवर स्वतःसाठी मागितलेलं एवढंच मला आठवतं.

महेश मुलुंडच्या चाळीत वाढलेला. त्याचे आईवडील मालवणकडचे, वडील गिरणीत होते. त्याला सुट्टी मिळाली की तंबू पाठीला लावून कुठंतरी रानात जाऊन पडायचं वेड. मुरबाडच्या पुढे, एका ओढ्याकाठी त्याच्या मित्राची थोडी जमीन आहे. वीज नाही, घर नाही, फोन लागत नाही. तो लगेच म्हणाला, मायला तिथं नेऊ. मी त्याला स्वयंपाकघरात ओढून नेलं. मला पुढचं सगळं दिसत होतं. माय आंघोळीशिवाय चहाचा घोटही घेत नाही. रानात गरम पाण्याचं सगळ्यांना किती करायला लागेल या विचारानं ती आमच्या आधी उठणार आणि कोणाला कळायच्या आत ओढ्याच्या बर्फासारख्या पाण्यानं आंघोळ करून मोकळी होणार. मग ती छाती, तो दवाखाना.

मी म्हटलं, तिथं तिला कढत पाण्याची, निवांत, घरच्यापेक्षा चांगली आंघोळ मिळणार असेल तरच जायचं. नाहीतर नाही.

"म्हणजे जंगलात हॉट शॉवर पाहिजे," महेश म्हणाला. "बरं. करू ना. त्यात काय."

त्यात बरंच काही होतं हे आम्हाला पुढच्या रविवारी गच्चीवर कळलं. कल्पना सोपी होती. पाणी तापवायचं, अंगाला सोसेल इतकं विसण घालायचं, कॅनमध्ये भरायचं आणि कॅन उंच टांगायचा. खाली पाइप, पाइपाला शॉवर. पंप नको, वीज नको, पाणी आपल्या वजनानं खाली येईल. महेशनं कॅन टाकीच्या शिडीला बांधला आणि घरून आणलेलं गरम पाणी वर नेऊन ओतलं. तोटी उघडली. पाणी आलं, आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो, आणि तेवढ्यात गरम पाण्यानं मऊ पडलेला पाइप तोटीतून सुटला आणि सापासारखा वळवळत गच्चीभर फिरला. सावंतकाकांनी उन्हात टाकलेली गोधडी चिंब झाली.

सावंतकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि महेशच्याच गावाकडचे. गोधडी उलटायला वर आले ते पाहतच राहिले.

"काय रे महेशा, ह्यां काय मांडलंस? खाली बाथरूम नाय तुका?"

महेशनं सगळं सांगितलं. सासूबाईंसाठी आहे म्हटल्यावर काकांचा आवाज खाली आला. ते आमच्या शॉवरकडे वाकून बघायला लागले. आम्ही बाथरूमचा जुना शॉवर काढून आणला होता. त्याची भोकं टाकीच्या जोराच्या पाण्यासाठी केलेली, आमच्या कॅनच्या पाण्याला त्यातून नीट येता येत नव्हतं, मधेच तुटक धार लागायची. काका कोपऱ्यात गेले, आपल्या कढीपत्त्याच्या कुंडीजवळची पितळी झारी उचलली, तिचं तोंड फिरवून काढलं आणि महेशच्या हातात ठेवलं. कढीपत्त्याला तहान लागायच्या आत परत हाड, म्हणजे आणून दे, एवढं बजावून ते गोधडी पिळायला लागले. पाइपाला क्लिपा आवळून झारीचं तोंड बसवलं, तर काय सुंदर पाणी पडलं. आवाज न करता, सगळीकडे सारखं, सोनचाफ्यावर घालतात तसं. झारीचं ते तोंड काकांना अजून परत गेलेलं नाही. त्यांनी कधीच नवी झारी घेतली, आणि वर्षातून एकदा लिफ्टमध्ये आठवण करून देतात.

निघायच्या दिवशी हॉलमधला हंडा मी रिकामा केला. आमच्या घरात येऊन तो फुलदाणी झाला होता. मी त्यात वाळकी फुलं ठेवत असे, पाहुणे त्याचं कौतुक करत. गाडीत तो मांडीवर घेऊन बसलेली माय कल्याण येईपर्यंत हसत होती. एवढा पाणी तापवणारा गडी, त्याला तुम्ही नटवून बसवलात व्हय, म्हणाली. जागेवर पोचल्यावर तिनं आधी ओढ्याकाठची चिकणमाती आणली आणि हंड्याच्या बुडाला जाड लेप दिला. म्हणजे काजळी मातीला धरते, तांब्याला नाही. मग तळहातानं लेप सारखा करत ती जरा वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. समोर मोकळा माळ होता, पलीकडे डोंगर, आणि वर कुठंही काठ नसलेलं आभाळ.

न्हाणी बांधायला आम्हाला सगळी दुपार पुरली. ओढ्यापासून दूर, उंचवट्यावर जागा पाहिली, साबणाचं पाणी ओढ्यात जायला नको म्हणून. सागाच्या खोडांना दोरी बांधून तिन्ही बाजूंनी ताडपत्री आणि माझी हिरवी साडी लावली. चौथी बाजू डोंगराकडे उघडी, तिकडून येणारं कोणी नव्हतं. चूल अशा बाजूला मांडली, की धूर न्हाणीत शिरणार नाही. खाली ओढ्यातले चपटे दगड बसवले, फटीत बारीक खडी भरली, पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून. पाणी वाहून जायला करवंदीच्या जाळीपर्यंत पन्हळ खणली. कपड्यांना फांदीची खुंटी, साबणाला दगडाचा कोनाडा, बाहेर पडल्यावर कोरड्या पायांनी उभं राहायला पोत्याचा तुकडा. वरच्या फांदीला कॅन, त्याला जुनी वाकळ गुंडाळलेली, पाणी लवकर निवू नये म्हणून. मी खाली उभी राहून हात वर केला, झारीचं तोंड बरोबर डोक्यावर वीतभर होतं. मला अगदी कृतकृत्य वाटलं. ऑफिसात एवढी वर्षं काम करते आहे, पण स्वतःच्या हातांनी उभं केलेलं हे पहिलंच काही होतं.

मायनं न्हाणीभोवती फेरी मारली. पडदा उचलून आत पाहिलं. खडीवर पाय दाबून पाहिला.

"बरी केलीस की," ती म्हणाली. "पर हिच्यात उभं ऱ्हायाचं व्हय?"

मी शॉवर कसा घ्यायचा ते सांगायला लागले. ती नीट ऐकून घेत होती. मग म्हणाली, उभ्यानं कसली आंघोळ, पाटावर टेकल्याबिगर अंगाला पाणी लागतंय व्हय.

मी वर टांगलेल्या झारीच्या तोंडाकडे पाहिलं. जन्मभर मी मायला बसूनच आंघोळ करताना पाहिलं होतं, आणि माप मात्र माझ्या उंचीचं घेतलं होतं. त्या उंचीवरून बसलेल्या माणसाच्या अंगावर येईतो पाणी गारच झालं असतं. महेश पुटपुटला, "वाट लागली." पण तो असा हात टेकणारा नाही. त्यानं ओढ्यातून पाटासारखा एक गुळगुळीत धोंडा लोळवत आणला आणि वाढवलेला पाइप बांबूला बांधून झारीचं तोंड पार खाली घेतलं, बसलेल्या माणसाच्या खांद्याशी. तोटी उघडून पाहिली तर पाणी पहिल्यापेक्षा जोरात यायला लागलं. कॅन तसाच उंच, तोंड खाली, त्यामुळे जोर वाढला. महेशनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि एकदम झकास म्हणत मायकडे पाहिलं, जणू हे आधीपासून असंच ठरलेलं होतं.

संध्याकाळी बाजरीच्या भाकरी झाल्या, वांगी भाजली. तंबूत मायला गादी घालून ठेवली होती, पण तंबूचं छत पाहून ती म्हणाली, "हे तर नाहूरच झालं." तिनं आपलं अंथरूण बाहेर टाकायला लावलं. कानाला स्कार्फ, अंगात स्वेटर, वर वाकळ आणि वाकळेवर रजई. एवढ्या पांघरुणातून तिचा चेहरा तेवढा बाहेर होता, आभाळाकडे. मी शेजारी पडले. ती एकदा नुसतं म्हणाली, "अजून तितकंच हाय." मी विचारलं नाही काय ते.

सकाळी तिच्या आधी उठायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. फोनला गजरही लावला. पण मला जाग आली ती धुरानं. शेजारचं अंथरूण रिकामं. चप्पल न घालता चुलीशी गेले. माय चुलीपुढं बसून काटक्या आत सारत होती. मी आधी तिच्या केसांना हात लावला. कोरडे होते.

हंड्यातून वाफ निघत होती. काठोकाठ पाणी, खळखळ उकळायच्या बेतात. ती मला म्हणाली, "जावईबापूंना उठीव. पाणी झालंय. आधी त्ये, मग तू. माझं काय, मागून इसणावर भागंल."

मी तशीच उभी राहिले. एवढा घाट घालून आम्ही इतक्या दूर आलो होतो आणि तो क्रम आमच्याही आधी येऊन चुलीपुढं बसला होता. माझ्याकडचं सगळं मी नाहूरला बोलून चुकले होते.

तंबूची चेन सरकली. महेशचं डोकं बाहेर आलं. त्यानं ऐकलं होतं.

"माय, मी ट्रिपला आलो की आंघोळ करत नाही," तो जांभई देत म्हणाला.

मायचा हात काटकीवरच थांबला. जावयाला काही बोलायचं कसं, म्हणून ती माझ्याकडे वळली. आन् तू? मी म्हटलं, मीही नाही. तिनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बिनआंघोळीची माणसं आपल्या घरात निघावीत याचं तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. मग तिची नजर हिरव्या पडद्याकडे गेली. खडीकडे, पन्हळीकडे, बांबूला बांधलेल्या पाइपाकडे.

"मग येवढी न्हाणी कुनासाठी बांधली?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

"माझ्या एकलीसाठी?"

"हो."

तिनं चुलीतली एक काटकी मागे ओढली, पुन्हा आत सारली. ओढ्यापलीकडे कुठंतरी एक भारद्वाज घुमत होता. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि विचारलं, "साबण कुठाय?"

महेशनं हंड्यातलं पाणी कॅनमध्ये भरलं. विसण मी घातलं, अगदी बेतानं, आणि कोपर बुडवून पाहिलं. बाळंतिणीच्या बाळाचं पाणी माय असंच बघते. महेश कॅन वर चढवून ओढ्याकडे निघून गेला. माय आत गेली. मी पडद्याबाहेर टॉवेल घेऊन पोत्यावर बसले.

आधी बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तोटी फिरली, खडीवर पाणी पडायला लागलं. एका लयीत, न तुटता. तांब्यानं घेतलेल्या आंघोळीचा आवाज वेगळा असतो, पाणी पडतं, थांबतं, भांडं बुडतं, पुन्हा पडतं. हा आवाज थांबत नव्हता.

"संगे, हे बंद कसं करायचं?"

मी घाईनं उठले. म्हटलं, बंद करायचंय का, गार झालं का?

"न्हाई. नुसतं इचारून ठिवलं."

मी पुन्हा बसले. थोड्या वेळानं पडद्याआडून पुन्हा आवाज आला. मला ऐकवायला नाही, स्वतःशीच बोलल्यासारखा. "दोनी हात मोकळे ऱ्हातेत की गं."

मी याचा विचार कधी केला नव्हता. तांब्या धरला की एक हात त्यातच जातो. घंगाळात किती उरलंय यावर एक डोळा राहतो. आत ती काय करत होती मला दिसत नव्हतं, पण मला वाटतं ती काहीच करत नव्हती. धोंड्यावर बसली होती, हात मांडीवर ठेवून, आणि पाणी येत होतं. मग ती गुणगुणायला लागली. जात्यावरची ओवी. शब्द कळत नव्हते. डोंगराआडून ऊन आलं आणि हिरव्या साडीतून आरपार गेलं. साडीच्या वरच्या काठावरून वाफ निघत होती, सावकाश, चुलीच्या धुराशेजारून, पण त्याहून पांढरी.

कितीतरी वेळानं धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही थांबले. मी टॉवेल आत दिला. माय बाहेर आली ती केसांना टॉवेल गुंडाळून, स्वेटर चढवून, गाल लाल झालेले. पोत्यावर कोरडे पाय ठेवून ती म्हणाली, "संपलं बाई सगळं. थेंब ठिवला न्हाई."

मी वाट पाहत होते. आता पुढचं वाक्य येणार, की तुमचं कसं व्हायचं, मी पुन्हा तापायला ठेवते. ते आलं नाही. ती उन्हात जाऊन बसली, केस मोकळे सोडले आणि मला म्हणाली, चहा टाक. घोट घोट करून तिनं तो प्याला संपवला. छातीत घरघर नव्हती.

तेवढ्यात ओढ्याकडून महेशचा आवाज आला. ट्रिपला आंघोळ न करणारा आमचा माणूस गळ्याएवढ्या गार पाण्यात उतरून शिव्या देत होता. मायनं कप खाली ठेवून कान दिला. "खोटारडा हाय तुझा नवरा," ती म्हणाली, आणि नंतर जिंतूरला सगळ्या भावकीत तिनं हेच सांगितलं. सांगताना तिचा चेहरा कोणी पाहिला असता तर त्याला ते जावयाचं कौतुक आहे हे कळलं असतं.

परत आल्यावर सगळं एकदम बदललं, असं मी लिहिणार नाही. नाहूरला माय पुन्हा आम्हा दोघांच्या मागूनच आंघोळीला जायला लागली. पण गिझर चालू ठेवायला लागली. पहिल्यांदा आरशावर खालच्या बाजूला थोडीशी वाफ दिसली, तेव्हा मी महेशला फोन करून ऑफिसात सांगितलं. तो मीटिंगमध्ये होता, म्हणाला, अभिनंदन. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक थंडीत आम्ही मुरबाडच्या त्या जागेवर जातो. धोंडा तिथंच आहे, सागाखाली. हंडा पुन्हा फुलदाणी झाला नाही. त्याच्या बुडाला माती लागलेली आहे आणि तो हॉलमध्ये तसाच बसतो.

आता माय थंडीचे महिने आमच्याकडेच असते. आज सकाळी मी उठले तेव्हा पंखा बंद होता. बाथरूमचं दार आतून लागलेलं. महेश बाहेर खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. त्याला लवकर निघायचं होतं, मलाही अंधेरी गाठायची होती. आत पाणी चालू होतं, न तुटता, एका लयीत. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ती काहीतरी गुणगुणत होती. महेशनं दाराकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, वाजवू का? मी मानेनंच नको म्हटलं. तो भिंतीला टेकला. मला त्याच्या खांद्यावरचा टॉवेल दिसत होता आणि एक पंचा दिसत होता.

ती बाहेर आली, तिच्यामागून दारातून वाफ आली. मग महेश घाईनं आत जाऊन आला, मग मी. वेणी घालायला आरशापुढे उभी राहिले तर आरशात काहीच दिसेना. वरपासून खालपर्यंत पांढरा. पुसायला हात उचलला आणि खाली घेतला. भांग अंदाजानं पाडला आणि निघाले.